मुंबई की बंगळूरु? गोव्यातून नोकरीसाठी बाहेर पडताना कोणता निकष धरावा

अंत्रुजकर, फोंडा

या महिन्याच्या अखेरीपर्यंत मला दोन नोकऱ्यांपैकी एकीला होकार कळवायचा आहे. एक नवी मुंबईत ऐरोलीला आहे, तर दुसरी बंगळूरुला व्हाइटफील्डच्या पट्ट्यात. काम दोन्हीकडे सॉफ्टवेअर चाचणीचेच आहे, मात्र बंगळूरुचा पगार जवळजवळ सव्वापट आहे. पत्नी येथील एका हायस्कुलात मराठी शिकवते, मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल आणि आईवडील कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, सांभाळून गावीच राहणार आहेत. माझा कल मुंबईकडे आहे. त्याची कारणे मांडतो. ज्यांना ती पटणार नाहीत त्यांनी खोडून काढावीत, कारण घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या आहेत आणि तेवढ्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

माझा पहिला निकष परतीच्या वाटेचा आहे. शुक्रवारी रात्री ठाण्याला कोकणकन्येत बसलेला माणूस शनिवारी सकाळी गोव्यात करमळीला उतरतो आणि दुपारच्या जेवणाला घरी असतो. रविवारी संध्याकाळी तीच गाडी धरली की सोमवारी कामावर हजर होता येते. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाल्यापासून ही सोय आहे, आणि २०२३ पासून मडगावपर्यंत वंदे भारतही धावते. कुळागर असलेल्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. माडावर चढणारा पाडेली ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी नारळ पाडून घ्यावे लागतात, पाडलेले मोजून घ्यायला घरचे माणूस उभे असावे लागते, आणि पावसाच्या तोंडावर पोफळींना बोर्डो मिश्रण मारले नाही तर कोळेरोगाने सुपारी गळून जाते. वडिलांनी सत्तरी गाठली आहे; ही कामे यापुढे त्यांच्या एकट्याकडून होणार नाहीत.

बंगळूरुहून रात्रीच्या स्लीपर बस फोंड्यावरूनच जातात हे खरे, परंतु अनमोडचा किंवा चोर्ल्याचा घाट ओलांडून येणारा रात्रभराचा प्रवास सुटीत एकदा करणे निराळे आणि महिन्यातून दोनदा करणे निराळे. विमान तासाभराचे असले तरी तेथील विमानतळ शहराच्या उत्तरेला देवनहळ्ळीस आहे. व्हाइटफील्डहून तेथवरचा रस्ता आणि इकडे दाबोळी किंवा मोपाहून फोंड्यापर्यंतचा रस्ता धरला, तर तासाभराच्या विमानाला अर्धा दिवस लागतो.

दुसरा निकष पत्नीच्या कामाचा. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली आहे, त्यामुळे ठाणे-नवी मुंबईत मराठीच्या शिक्षिकेला काम मिळण्याची वाजवी आशा आहे. कर्नाटकातील शाळांत हीच सक्ती कन्नडची आहे, आणि ती त्यांच्या जागी रास्तच आहे. पण पत्नीचे शिक्षण आणि अनुभव तेथे कामाला येणार नाही. तिचा पगार थांबला की माझ्या सव्वापट पगाराचा हिशेब उलटा फिरतो.

म्हापशेकार, सध्या बंगळूरु

अंत्रुजकर, आपण नोकरी निवडायला बसला आहात आणि रेल्वेचे वेळापत्रक निवडत आहात, असे मला वाचताना वाटले. आपल्या क्षेत्रात पहिली नोकरी कोठे मिळाली यापेक्षा दुसरी कोठे मिळेल हे आधी पाहावे लागते. उद्या ऐरोलीच्या कंपनीने प्रकल्प गुंडाळला तर आपल्याला अंधेरी किंवा गोरेगाव गाठावे लागेल, आणि मग ठाण्याला घर घेऊन साधलेली सारी सोय संपेल. मुंबईत बँका, विमा आणि शेअर बाजार यांच्याभोवतीचे तांत्रिक काम मुबलक आहे हे मी नाकारत नाही. परंतु परदेशी कंपन्यांनी स्वतःसाठी उभारलेली तांत्रिक केंद्रे देशात सर्वाधिक बंगळूरुत आहेत, आणि व्हाइटफील्ड, बेलंदूर, इलेक्ट्रॉनिक सिटी या भागांत घर न हलवता व मुलीची शाळा न बदलता नोकरी बदलणारे कितीतरी लोक माझ्या ओळखीचे आहेत. चाचणीचे हाताने करायचे काम दरवर्षी कमी होत चालले आहे. अशा वेळी नवे शिकवणारी माणसे जेथे शेजारच्या टेबलावर बसतात तेथे चार वर्षे काढणे हे सव्वापट पगाराहून मोलाचे आहे.

आता आपल्या गाडीविषयी. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, याचा उल्लेख आपण केला नाही. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आल्याने वाहतूकच बंद पडली होती. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, गाड्यांचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि बघता बघता प्रतीक्षायादी लागते, कारण तीच गाडी साऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गालाही हवी असते. रस्त्याने यावे म्हटले तर मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ चालूच आहे. माझी बस निदान रात्री झोपवून सकाळी गोव्यात उतरवते.

बंगळूरु शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. वर्षातील बरेच महिने पंख्यावाचून झोप लागते. मासळीचे दुःख मात्र मान्य आहे. मंगळूरुहून बर्फात येणारा बांगडा बांगडाच असतो, पण हुमणात, आपल्या माशांच्या आमटीत, शिजल्यावर कळायचे ते कळते.

माशेलची लेक, मुंबई

मी मुंबईच्या बाजूची आहे, परंतु अंत्रुजकरांच्या कारणांशी सहमत नाही. महिन्यातून दोनदा गावी जाण्याचा बेत पहिले वर्षभर टिकतो. त्यानंतर शनिवार घरातील कामांना, बाजाराला आणि मुलांच्या शाळेच्या कामांना जातो, आणि गावची फेरी चवथ, शिगमो आणि आपल्या देवाची जत्रा यांवर येऊन थांबते. बंगळूरुच्या माणसाचेही तसेच होते. म्हणून त्या कोकणकन्येवर साऱ्या निर्णयाचा भार टाकू नये.

मुंबईच्या बाजूने खरे बोलते ते हे की येथे गोमंतकीयांची व्यवस्था शंभर वर्षांहून जुनी आहे. गोवा हिंदू असोसिएशन १९१९ साली मुंबईत स्थापन झाली आणि तिच्या कलाविभागाने मराठी रंगभूमीवर जे केले ते जुन्या प्रेक्षकांना ठाऊक आहे. धोबीतलाव-माझगाव भागात ख्रिस्ती गोमंतकीयांच्या गावोगावच्या कूड, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक राहण्याच्या जागा, होत्या, काही अजून आहेत. बोटीवर जाणारा तारवटी आपल्या गावच्या कुडीत उतरत असे. नव्याने आलेल्याला आज अशा संस्थांची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही. पण घरात अचानक आजारपण आले तर कोणत्या इस्पितळात कोणाला फोन करायचा हे सांगणारे आपले माणूस येथे लवकर सापडते, आणि पत्नीला नोकरी शोधायची असेल तर ही गोष्ट फार कामाची आहे.

घराविषयी मात्र मन तयार ठेवा. फोंड्यातल्या न्हाणीघराएवढे स्वयंपाकघर, अकरा महिन्यांचा करार, त्यावर दलाली, आणि करार संपताना भाडे वाढवून मागणारा मालक. पुढे घर विकत घेण्याचा विचार असेल तर आणखी एक सांगते, आणि ते दोन्ही शहरांना लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या कायद्याप्रमाणे पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोमंतकीयाच्या मुंबईतील मालमत्तेच्याच खटल्यात असा निर्णय दिला की गोव्याबाहेरील मालमत्तेलाही पोर्तुगीज नागरी संहितेचे वारसाविषयक नियम लागू होतात. मुंबईतल्या बिल्डरला किंवा बँकेच्या कारकुनाला हे सहसा माहीत नसते. नोंदणीआधी कागद गोव्यातील वकिलाला दाखवावेत.

डिचोलीकर

२०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या तालुक्यातून ट्रक विकून माणसे बाहेर पडली. ती शहरांची तुलना करून गेली नाहीत. ओळखीचा माणूस जेथे होता तेथे गेली आणि बरीचशी परतही आली. त्यामुळे माझा सल्ला थोडा वेगळा आहे. बंगळूरु घ्यावे, पण एकट्याने, चार वर्षांची मुदत मनाशी बांधून. पत्नीने चालू नोकरी सोडू नये आणि मुलीला गोव्याच्या शाळेतून काढू नये. गोव्यात सरकारी नोकरीला १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागतात आणि व्यावसायिक महाविद्यालयांच्या प्रवेशालाही रहिवासाची अट असते. मुलगी बाहेर वाढली की पुढे मामलेदाराच्या कचेरीत आपली बाजू मांडत बसावे लागते. सवलतींची कलमे आहेत, पण ती आपल्याला लागू होतात हे सिद्ध करण्यात चपला झिजतात.

माशेलची लेक, मुंबई

डिचोलीकर, आपला सल्ला हिशेबाला चोख आहे आणि एका बाईच्या जिवावर उभा आहे. नवरा बंगळूरुला, आणि इकडे शाळा, पहिलीतले मूल, वयस्क सासूसासरे, कुळागरातले गडी आणि वीज गेली तर पंप, हे सारे तिने एकटीने पाहायचे. हायस्कुलाच्या पगारात हे चार वर्षांचे काम मोजलेले नाही. रहिवासाच्या दाखल्यासाठी पहिलीतल्या मुलीचे पुढचे अख्खे आयुष्य आत्ताच सरकारी नोकरीला बांधून टाकणे हेही मला पटत नाही.

डिचोलीकर

सासूसासरे तिचेच आहेत आणि ते तिला मदतही करतात, हे आपण धरलेच नाही. आमच्याकडे आखातात गेलेल्यांची घरे याच पद्धतीने चालली आहेत. शिवाय दोन्ही शहरांत बिऱ्हाड थाटण्याचा खर्च वाचतो आणि चार वर्षांनी परत येताना कोणाचीही शाळा मोडावी लागत नाही. तरी हा निर्णय पत्नीला विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढे मी आपले मानतो.

अंत्रुजकर, फोंडा

पत्नीला विचारले. एकट्याने जाण्याचा पर्याय तिने एका वाक्यात फेटाळला, त्यामुळे तो विषय संपला. माशेलच्या ताईंचा आक्षेप मला अधिक लागला, कारण माझ्या कार्यालयात मुंबईहून परतलेले दोघे जण आहेत आणि त्यांच्या गावच्या फेऱ्यांचाही क्रम अगदी तसाच होता. मग परतीची वाट हा निकष वजा केला, तर उरते ते पत्नीचे काम विरुद्ध माझी पुढची नोकरी.

म्हापशेकारांना मात्र दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मार्च २०२४ मध्ये बंगळूरुच्या बाहेरच्या वस्त्यांतील बोअरवेल आटल्या आणि सोसायट्यांना टँकरवर दिवस काढावे लागले; त्यात व्हाइटफील्डचा भागही होता. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणणाऱ्या शहरात, त्यातही पूर्वेच्या टोकाला, लहान मूल घेऊन राहायला जाणे शहाणपणाचे आहे का? दुसरे म्हणजे घरभाड्याची अनामत. तेथे दहा महिन्यांपर्यंतचे भाडे अनामत म्हणून मागण्याची रूढी आहे. एवढी रक्कम सुरुवातीलाच अडकली, तर वाढीव पगाराचा पहिल्या वर्षाचा लाभ उरतो किती?

म्हापशेकार, सध्या बंगळूरु

पाण्याचा प्रश्न खरा आहे, तो मी झाकणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि बाहेरच्या वस्त्यांना नळाचे पाणी मिळू लागले, पण प्रत्येक सोसायटीला ते पुरेसे मिळते असे नाही. म्हणून घर पाहताना सजावटीकडे नंतर पाहावे; आधी कावेरीची जोडणी आहे का, टँकर आठवड्यातून किती येतात आणि त्यांचा खर्च देखभाल शुल्कात धरला आहे की वेगळा, हे रखवालदाराला विचारावे. दलालापेक्षा तो खरे सांगतो. पुराचे म्हणाल, तर सप्टेंबर २०२२ मध्ये आऊटर रिंग रोडवरील कंपन्यांच्या आवारात पाणी शिरले होते. पण २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हेही त्याच यादीत धरावे लागेल. दोन्ही शहरांनी तलाव आणि खाड्या बुजवून जागा काढली आहे आणि दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागते.

अनामत आता सहा महिन्यांवर, कधी त्याहूनही खाली येते, पण घासाघीस करावी लागते. मालक कंपनीचे नाव ऐकून आकडा ठरवतो, तेव्हा कंपनीचे नाव शेवटी सांगावे. आणि ती रक्कम परत मिळते, जरी जाताना रंगकामाच्या नावाखाली महिन्याभराचे भाडे कापून घेतले तरी.

पत्नीच्या कामाचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, फक्त त्याची धार कमी करता येते. नोकरीचे करारपत्र हातात पडण्याआधीच विचारून घ्या की महिन्यातून एक सलग आठवडा गोव्यातून काम करता येईल का, आणि जे ठरेल ते पत्रातच लिहून घ्या. तोंडी कबुली देणारा वरिष्ठ वर्षभरात बदलतो. हे मिळाले तर कुळागराचीही सोय होते आणि पत्नीला गोव्यातील शाळेत बिनपगारी रजा घेऊन एक वर्ष पाहताही येते.

अंत्रुजकर, फोंडा

बिनपगारी रजा एक वर्षाची मिळू शकते का, हे पत्नी सोमवारी मुख्याध्यापकांना विचारणार आहे. बंगळूरुच्या कंपनीला आठवड्याच्या सवलतीविषयी आजच पत्र धाडले. दोन्हींपैकी एकही लेखी मिळाले नाही, तर मी ऐरोलीला होकार कळवणार आहे, कमी पगारासकट.

म्हापशेकार, सध्या बंगळूरु

तर मग ऐरोलीच्या कंपनीलाही एक प्रश्न विचारा: ज्या प्रकल्पावर आपल्याला घेत आहेत त्याचा करार कोणत्या वर्षापर्यंत आहे? उत्तर टाळले, तर मुंबईविषयीचे माझे म्हणणे पुन्हा एकदा वाचावे.