फुकटच्या मांडवात ‘पश्चिमेची यात्रा’: नाटक की नुसत्या उड्या?

नाट्यवेडा: हाँगकाँगच्या देवळांपुढे फुकट होणाऱ्या चिनी ऑपेराचं एवढं कौतुक कशाला? ‘पश्चिमेची यात्रा’ ही शंभर अध्यायांची चिनी कादंबरी, ग्रंथ आणायला भारताकडे निघालेल्या भिक्षूची आणि त्याच्या वानर-सोबत्याची. मांडवात हाती लागतो फक्त स्वर्गात धिंगाणा घालणारा तो वानर, सुन वुकाँग. फुकट असलं की प्रेक्षक गप्पा मारतात आणि नट उड्या. नाट्यगृहात करा, तिकीट लावा.

हाँगकाँगकर: हे वाचून गप्प बसवेना. फुकट कसलं? गावाने वर्गणी काढून पैसे आधीच मोजलेले असतात. त्यातून बांबूचा मांडव उभा राहतो, नाटक मंडळी येते. रंगमंचाचं तोंड देवळाकडे, कारण पहिला प्रेक्षक देव. माझ्या शेजारच्या आजींना अक्षरओळख नाही, पण स्वर्गातले पीच वुकाँग कधी फस्त करणार हे त्या मला आधीच सांगतात. कादंबरी छापली गेली 1592 मध्ये. कथेकरी आणि नाटकवाले त्याआधी कित्येक पिढ्या हीच गोष्ट रंगवत होते. मांडव मूळचा, पुस्तक नंतरचं!

इतिहासप्रेमी: तुम्हा दोघांनाही वानरच दिसतो. कादंबरीतला भिक्षू तर, राक्षस दिसला की रडतो. ज्याच्यावरून तो बेतला तो खरा भिक्षू ह्युएनत्संग परवानगी नसताना चीनबाहेर पडला, 645 मध्ये भारतातून बौद्ध ग्रंथ घेऊन परतला. महाराष्ट्रातही येऊन गेला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही, असं त्याने लिहून ठेवलंय. चालुक्य राजा पुलकेशीपुढे उत्तरेच्या सम्राट हर्षाचं काही चाललं नाही, हेही. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याला दोन ओळी! त्याचं नाटक करा.

मालवणी: अहो, कादंबरीबद्दल चाललंय. प्रत्येक धाग्यावर पुलकेशी आणायलाच हवा का?

इतिहासप्रेमी: हवाच. ज्याच्या प्रवासावर ही कादंबरी उभी आहे तो माणूस आपल्या मातीत फिरला. त्याने वर्णन केलेली लेणी अजिंठ्याचीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

मालवणी: मानू देत. नाट्यवेडा, आमच्या जत्रेत दशावतार रात्रभर चालतो, तिकीट कुणी मागत नाही. संवादही नट उभ्या उभ्या रचतात. त्याला उथळ म्हणून दाखवा.

नाट्यवेडा: दशावताराला मी काहीच म्हटलेलं नाही, उगाच अंगावर येऊ नका. आजींचं मान्य, त्यांना गोष्ट पाठ आहे. पण ज्या पोरांना आजीच नाही, त्यांच्यापर्यंत उरलेली कादंबरी कोण पोहोचवणार?

हाँगकाँगकर: उत्सव काही दिवस चालतो. रोज कादंबरीतला वेगळा प्रसंग लावता येईल. पण मांडवातच, आणि वर्गणीतूनच.