अनुभव धागा : तोंडातलं दुखणं तुम्हाला कसं कळलं?

धागाकर्ती : मिसळ झोंबायला लागली, ही माझी सुरुवात. मग साधं वरणही जळजळायचं. ॲसिडिटी समजून वर्ष घालवलं. एकदा पाणीपुरी तोंडात जाईना, तेव्हा दंतवैद्याकडे गेले. त्यांनी माझीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. आतून गाल पांढरट, चामड्यासारखे कडक झाले होते. सबम्युकस फायब्रोसिस. तंबाखू मी कधी खाल्ली नाही, जेवणानंतर सुपारी मात्र पंधरा वर्षं. ती एकटी पुरते, हे मला ठाऊकच नव्हतं! आपल्याकडे गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारीची डबी पाहुण्यांपुढे आपणच ठेवतो.

सुपारी त्याच दिवशी बंद केली. गालात इंजेक्शनं घेतली. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. तोंड २२ मिलिमीटर उघडायचं, आता २९ उघडतं. पूर्वीसारखं होणार नाही. पुढे कर्करोगाचा धोका असतो म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवते.

निवडुंग : माझ्या आईची मशेरी. खालच्या हिरडीशी पांढरा चट्टा होता, पुसून जात नव्हता. दुखत नाही म्हणून तिने कुणाला सांगितलंच नाही. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ या भीतीने बायोप्सीला महिनाभर तयार नव्हती. कर्करोग निघाला नाही, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. तेवढा भाग काढला. मशेरी सोडताना खरी अडचण वेगळीच होती, तिच्याशिवाय सकाळी पोट साफ व्हायचं नाही. रात्री इसबगोल सुरू केलं, तेव्हा कुठे सुटली. डॉक्टरांनी बजावलंय, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दाखवायचीच.

सांजवेळ : माझ्या दोन चांगल्या दाढा फुकट गेल्या. उजव्या जबड्यात विजेसारखी कळ यायची, दाढा काढूनही थांबली नाही. शेवटी न्यूरॉलॉजिस्टने विचारलं, थंड-गरम लागतं का? नाही. वारा लागला, दाढी केली, तोंड धुतलं की? हो! चेहऱ्याची नस होती, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. कार्बामाझेपिनने आठवड्यात उतार पडला. सुरुवातीला गरगरायचं, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. क्ष-किरणात कीड दिसत नसेल तर दाढ काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, कळकळीने सांगतो.

पाऊलवाट : लेकाचा समोरचा दात क्रिकेटच्या चेंडूने मुळासकट पडला. वय ९, म्हणजे पक्का दात. मुळाला हात न लावता तो कपभर दुधात ठेवला आणि अर्ध्या तासात दवाखाना गाठला. तारेने बांधून बसवला, नंतर रूट कॅनाल झालं. चार वर्षं झाली, टिकून आहे. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

धागाकर्ती : @निवडुंग, आईंचा चट्टा परत आला का? माझ्या सासूबाईही मशेरी लावतात. काल टॉर्च घेऊन बसले, पण त्या तोंड उघडायला तयार नाहीत.

निवडुंग : नाही आला, दीड वर्ष झालं. तुमच्या काड्यांच्या व्यायामाचं तिला वाचून दाखवलं. म्हणाली, सासूबाईंशी माझं फोनवर बोलणं करून दे.