ओव्हनमधली भरलेली ढोबळी मिरची : तळाला पाणी, वरून करपलेली, मधे कच्ची

प्रश्न

शनिवारी रात्री घरची सगळी मंडळी जेवायला एकत्र जमणार आहेत, आम्ही धरून नऊजण. भरलेल्या ढोबळ्या मिरच्या ओव्हनमध्ये करायचं चाललंय, कारण ट्रे एकदा आत सरकवला की मला गॅसपुढे उभं राहायला नको, चार गप्पा तरी होतील. पण दर वेळी तेच होतं. मिरची दाताखाली कचकचते, सारण वरून वाळून खडखडीत होतं आणि ट्रेच्या तळाला पाणीच पाणी. अजून थोडा वेळ ठेवावं तर चीज करपतं.

मिरच्या आधी उकडून घ्यायच्या का? भात शिजवून घालायचा की तांदूळ? आदल्या दिवशी कितपत करून ठेवता येईल? नवातले तिघं मांस खात नाहीत, म्हणजे सारणं दोन होणार. ओव्हन एक, ट्रे एक. शिवाय मुलांना हिरवी मिरची कडू लागते, ती रडगाणी वेगळी.

प्रतिसाद १

उकडू मात्र नका. मिरचीत मुळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तिला आणखी कशाला पाजायचं? उकडलेली मिरची वरून मऊ दिसते, पण भरून आत गेली की सगळं पाणी सारणात सोडते. तुमच्या तळाला साचतं ते तेच, कच्ची भरली काय किंवा उकडून भरली काय.

मी काय करते ते सांगते. मिरची देठासकट उभी चिरायची. देठ अजिबात काढायचा नाही, दोन्ही अर्धांना त्याचा थोडा थोडा तुकडा राहू द्यायचा. तोच टोक धरून ठेवतो, नाहीतर भाजताना मिरची पसरते आणि सारण बाहेर येतं. बिया आणि पांढरे पडदे काढायचे. आतून तेलाचं बोट, चिमूटभर मीठ, आणि चिरलेली बाजू खाली करून ट्रेवर पालथ्या घालायच्या. पालथ्या का, तर सुटलेलं पाणी खाली गळून जातं, वाटीत साचत नाही. २०० अंशांवर साधारण १५ मिनिटं. घड्याळापेक्षा हाताने बघा : चिमट्याने कड दाबली की लवली पाहिजे आणि सोडल्यावर परत उभी राहिली पाहिजे. लवून तशीच पडून राहिली तर जास्त झाली, ती स्वतःच्या ताटात घ्या. ट्रेमधलं पाणी ओतून टाका आणि मगच भरा.

आता सारण. ते ओव्हनमध्ये शिजेल या आशेवर कधीही राहू नका. चमचाभर चाखा, तसंच ताटात वाढता येईल असं वाटलं तरच मिरचीत घाला. कच्चा तांदूळ घातला तर त्याला फुलायला पाणी लागतं, ते अर्ध्या मिरचीत पुरेसं मिळत नाही आणि दाणे टणक राहतात. भात करा, फक्त एक कणी राखून उतरवा. बाकीचा ओलावा तो सारणातून ओढून घेतो. नऊ मिरच्यांचे अठरा अर्धे होतील, प्रत्येकात पाव कपाहून थोडं जास्त सारण मावतं. दोन्ही सारणांना मिळून एक कप तांदूळ पुष्कळ, त्याचा तीनेक कप भात होतो. बाकी कांदा, लसूण, खिमा किंवा मशरूम, मक्याचे दाणे. सारण दाबून भरू नका, गच्च गोळा होतो.

मशरूम घालणार असाल तर एक गोष्ट कानाने ओळखायची. कढईत टाकल्यावर आधी चर्र आवाज येतो, मग पाणी सुटून नुसती बुडबुड सुरू होते, आणि ते आटलं की परत चर्र. हा दुसरा चर्र ऐकू येईपर्यंत गॅस बंद करायचा नाही आणि मीठही घालायचं नाही. लोक पहिल्या बुडबुडीलाच उतरवतात आणि मग मिरचीला दोष देतात.

भरल्यावर १८० अंशांवर आधी २० मिनिटं फॉइलने झाकून. सारण वाळतं ते उघडं ठेवल्यामुळे. मग फॉइल काढा, चीज आत्ता घाला, आणि ८-१० मिनिटं उघडं. चीज सुरुवातीलाच घातलं तर करपणारच, त्यात ओव्हनची काही चूक नाही.

मुलांसाठी लाल किंवा पिवळ्या घ्या. हिरवी म्हणजे न पिकलेलं फळ, म्हणून कडवट. लाल पिकून गोड झालेली असते. लाल लवकर मऊ पडते, तिला तीन-चार मिनिटं कमी द्या.

प्रतिसाद २

वरच्या ताईंची पद्धत चोख आहे, पण सारण आधी शिजवायलाच हवं हे मला पटत नाही. आमच्याकडे अख्ख्या मिरच्या लागतात. वरची टोपी कापायची, बुडाला उंचवटे असतील तर अगदी पातळ चकती काढून सपाट करायचं, पण भोक पडू द्यायचं नाही. आत कच्चा खिमा आणि अर्धा शिजलेला भात. खोलगट भांड्यात एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, टोमॅटोचा पातळ रस मिरच्यांच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत ओतायचा, घट्ट झाकायचं आणि १८० वर तासाहून जास्त. इथे तळाला रस हवाच असतो, तो खिम्याचा अर्क आणि मिरचीचं पाणी पिऊन घट्ट होतो आणि वरून वाढता येतो. मिरची मात्र चमच्याने तुटेल इतकी मऊ होते, कचकच हवी असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

कच्चा खिमा भरणार असाल तर थर्मामीटर ठेवा. सारणाच्या अगदी मध्यात ७१ अंश हवेत, कोंबडीचा खिमा असेल तर ७४. वरून शिजलेलं दिसलं तरी मधला भाग मागे राहतो.

प्रतिसाद ३

बुडाला चार उंचवटे असलेली मादी, ती गोड असते आणि भरायला तीच घ्यावी. तीनवाली नर.

प्रतिसाद १ (पुन्हा)

हे सगळीकडे फिरतंय, पण तसं काही नसतं. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे फळात नर-मादी होत नाही. चार उंचवट्यांची उभी नीट राहते, एवढा तिचा फायदा. वरच्या पद्धतीने अख्खी करायची असेल तर जरूर तीच निवडा.

खिम्याचं म्हणाल तर तुमची मिरची खायला मी कधीही येईन. पण नऊ माणसं, दोन सारणं आणि पाहुण्यांशी गप्पा मारायच्या असताना तासाहून जास्त वेळ ओव्हनवर डोळा ठेवायला मी नाही सांगणार.

प्रश्नकर्ती

पालथ्या भाजण्याचं कधी डोक्यातच आलं नव्हतं! दोन शंका राहिल्या. माझा ओव्हन म्हणजे कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह आहे, फिरत्या थाळीचा. आणि शुक्रवारी काय काय उरकू?

प्रतिसाद १ (पुन्हा)

शुक्रवारी मिरच्या भाजून घ्या, सारण करून घ्या, पण भरू नका. दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत. रात्रभर भरून ठेवल्या तर पुन्हा तीच पाण्याची कटकट. भाताचं सारण ओट्यावर विसरू नका, पसरट ताटात निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. शनिवारी भरताना सारण कढईत वाफ येईपर्यंत परतून गरम करा. थंडगार भरलं तर २० मिनिटांत मधपर्यंत ऊब पोचत नाही. आणि काचेचं भांडं फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नाही, तडकतं.

पंख्याचा ओव्हन असल्याने मी दिलेल्या आकड्यांतून २० अंश वजा करा. फक्त कन्व्हेक्शनवर चालवा, मायक्रोवेव्ह मिसळलेल्या मोडमध्ये फॉइल नको. फॉइलच्या कडा भांड्याखाली घट्ट दुमडा, नाहीतर पंख्याने उचलली जाते. फिरत्या थाळीवर अठरा अर्धे एका वेळी मावणार नाहीत, दोन खेपा धरा. तेच बरंय तुमच्यासाठी : पहिली खेप बिनमांसाची, दुसरी खिम्याची. एकाच ट्रेमध्ये ठेवल्या तर खिम्याचा रस वाहत जाऊन शेजारच्या मिरचीखाली पोचतो, आणि न खाणाऱ्याला ते चालत नाही. रंगही वाटून टाका, पिवळ्यांत मशरूम आणि लालमध्ये खिमा, म्हणजे वाढताना कोणाला विचारायला नको.

साडेआठला ताटं मांडणार असाल तर पहिली खेप सव्वासातला आत. ती बाहेर काढून फॉइलने झाकून ठेवा, दुसरी पावणेआठला जाईल. दुसरी सव्वाआठच्या सुमारास बाहेर आली की दहा मिनिटं हात लावू नका, चीज आवळतं आणि सारण सांडत नाही. पहिलीला तेवढ्यात पाच मिनिटं परत आत ढकला.