मदत हवी आहे : अभ्यासदौरा तोंडावर, विषय परत आला, मुलाखती मिळत नाहीत

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी. लोकप्रशासनाच्या परदेश अभ्यासदौऱ्याला पाच आठवडे उरलेत आणि माझ्या हातात काहीच नाही. 'सुशासन आणि लोकसहभाग' असा विषय दिला होता. "यावर ग्रंथ होईल, बारा दिवसांत तू काय बघणार?" असा शेरा मारून सरांनी परत पाठवला. शिवाय प्रत्येकाने तिथे किमान तीन मुलाखती घ्यायच्याच आहेत, गटाने मिळून केलेल्या कार्यालय-भेटी त्यात धरणार नाहीत. मी दोन ठिकाणी मेल केले. पंधरा दिवस झाले, साधी पोचही नाही. स्मरणपत्र पाठवून झालं. कुणी असा दौरा केला असेल तर सांगा, तिकडच्या अधिकाऱ्यांनी उत्तर द्यावं म्हणून नेमकं काय लिहायचं? 'नेटवर शोध' असं कृपया सांगू नका, शोधून झालंय. लवकर हवंय.

निवांत
कोणता देश?

पाणवठा
देश, तारखा, मेल कुणाला केले आणि त्यात काय लिहिलं होतं, एवढं तरी सांगा. अधिकारी जपानचे की स्वीडनचे यावर सगळं अवलंबून आहे.

उत्तरायण
देश अजून बदलता येत असेल तर एस्टोनियाचं बघा. २००१ पासून त्यांची सरकारी खाती एक्स-रोड नावाच्या माहिती देवाणघेवाणीच्या जाळ्याने एकमेकांशी जोडलेली आहेत, २००५ पासून निवडणुकीत इंटरनेटवरून मतदान होतं. प्रशासन शिकायचं तर तिथेच जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

निवांत
@उत्तरायण, पाच आठवड्यांवर दौरा आहे हो. देश कसा बदलणार?

कोरी_पाटी
सॉरी, देश लिहिला असं मला वाटलं होतं. नेदरलँड्स. एमएचं दुसरं वर्ष. आम्ही चौदा जण आणि दोन शिक्षक, मुक्काम उट्रेख्तला. मेल दोन जलमंडळांना केले (बांध, पूर आणि पाण्याची पातळी सांभाळणाऱ्या तिथल्या स्थानिक संस्था, वाटरस्खाप म्हणतात त्यांना), संकेतस्थळावर जो सर्वसाधारण पत्ता असतो त्यावर. मजकूर नेहमीचाच: आम्ही विद्यार्थी आहोत, आपल्या कार्यपद्धतीची माहिती मिळावी, आपल्या सोयीची वेळ कळवावी.

प्रवासी_पक्षी
व्हिसाचं काय केलंत? विद्यार्थी, पदव्युत्तर विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक अभ्यासासाठी जात असतील तर शेंगेन व्हिसाचं शुल्क माफ असतं. प्रौढांना एरवी ९० युरो पडतात. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क मात्र वेगळं द्यावं लागतं. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने चालला पाहिजे. अर्ज उशिरात उशिरा १५ दिवस आधी.

कोरी_पाटी
व्हिसा झालाय, तो प्रश्नच नाहीये. पण शुल्कमाफीचं सरांना विचारते, आमच्याकडून पूर्ण पैसे घेतले गेलेत असं वाटतंय.

पाणवठा
तारखा अजून कळल्या नाहीत.

खारी_वाट
मी तिथे सहा वर्षं राहिलो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या मेलला उत्तर येणं अवघडच होतं. "माहिती मिळावी" असं लिहिलं की तिथला माणूस संकेतस्थळाचा दुवा देऊन मोकळा होतो, किंवा तो मेल कुणाच्या कामात बसतो तेच न कळल्याने तसाच पडून राहतो. "आपल्या सोयीची वेळ कळवा" हे आपल्याला नम्र वाटतं, तिथे मात्र समोरच्यावर टाकलेलं काम ठरतं. दोन तारखा द्या, वेळ द्या, ४५ मिनिटं हवीत असं लिहा आणि तीन प्रश्न मेलमध्येच द्या. बिनपाल्हाळ लिहिलेलं तिथे उद्धट समजत नाहीत.

दुसरं, पुष्कळ जण आठवड्यातून तीन-चार दिवसच कामावर असतात. अर्धवेळ काम युरोपीय संघात सर्वांत जास्त तिथेच आहे. म्हणून एकच तारीख देऊन भागत नाही.

तिसरं, अधिकाऱ्यांच्याच मागे का लागताय? जलमंडळाची सर्वसाधारण सभा निवडून येते, दर चार वर्षांनी, प्रांतिक निवडणुकीच्याच दिवशी. मागची मार्च २०२३ मध्ये झाली. सदस्यांचे पत्ते बहुधा संकेतस्थळावर असतात. ही माणसं आपापले उद्योग सांभाळून हे काम करतात आणि त्यांना कुणी विचारतच नाही, त्यामुळे भरभरून बोलतात. मी डच नागरिक नव्हतो, तरी २०१९ मध्ये जलमंडळासाठी मत दिलं. प्रांतासाठी मला मत नव्हतं. मतदान केंद्रावरच्या बाईंनी ते इतकं नीट समजावून सांगितलं की अजून लक्षात आहे.

निवृत्त_कारकून
तुम्हा मंडळींचं मूळ मुद्द्याकडे लक्ष नाही. परदेशात जाऊन तुलना केली नाही तर दौऱ्याचा उपयोग काय? मुलीने सरळ 'त्यांचं जलमंडळ आणि आपलं पाटबंधारे खातं' असा विषय घ्यावा. मी ३१ वर्षं शासकीय सेवेत होतो, तुलनेशिवाय डोळे उघडत नाहीत.

पाणवठा
काका, आदर ठेवून असहमत. जलमंडळ स्वतःचा कर लावतं, पैसा जवळजवळ सगळा त्या करांतूनच येतो. कर्जासाठी त्यांची १९५४ पासूनची स्वतःची बँक आहे. एकटं रायनलँडचं मंडळ तेराव्या शतकातलं आहे. शासनाच्या खात्याशी त्याची तुलना केली तर निम्मा निबंध 'हे का जुळत नाही' हे सांगण्यातच जाईल. बारा दिवसांत एकच गोष्ट तळापर्यंत बघावी.

निवृत्त_कारकून
मग इथे बसून पुस्तक वाचलं तरी चालेल की. तिकिटाचा खर्च कशाला?

खारी_वाट
दोघांचंही जमेल असा एक मार्ग आहे. तुलना करा, पण तिथल्या तिथे. १९९५ मध्ये नद्या फुगल्या आणि सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडून जावं लागलं. त्यानंतर नुसते बांध उंच करत बसायचं सोडून 'नदीला जागा द्या' हा कार्यक्रम आला. ३० हून अधिक ठिकाणं, सुमारे २.३ अब्ज युरो. पैसा आणि उद्दिष्ट केंद्राचं, पण काम ठिकठिकाणी वेगळ्या संस्थेकडे.

नायमेखनला वाल नदीचा बांध ३५० मीटर आत सरकवला. लेंटच्या बाजूची पन्नासेक घरं पडली, तिथे पुढाकार नगरपालिकेचा होता. ओव्हरडीप्से पोल्डरमध्ये (पोल्डर म्हणजे बांधांनी वेढलेली सखल जमीन) पूर आला की पाणी आत घ्यायचं ठरलं. तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच योजना पुढे केली: गोठे आणि घरं उंच टेकाडांवर न्यायची. आठ टेकाडं झाली. तिथे प्रांत पुढे होता आणि जलमंडळाने काम केलं. लोकसहभाग हा शब्द तुमच्या विषयात होताच. तोच इथे दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी घडलेला दिसेल.

कोरी_पाटी
हे खूपच चांगलं आहे. पण दोन्ही ठिकाणी जाता येईल का? मोकळे दिवस चारच आहेत.

खारी_वाट
नायमेखन उट्रेख्तहून आगगाडीने तासाभराचं. नदीपलीकडे लेंटचं वेगळं स्थानक आहे. पोल्डरला जायला बस आणि सायकल लागेल, पूर्ण दिवस धरा. बँकेचं स्पर्शविरहित कार्ड गाडीत आणि बसमध्ये चालतं, वेगळं कार्ड काढू नका. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवायचं.

सांजवेळ
नायमेखनला जाणार असाल तर संध्याकाळी 'द ओव्हरस्टेक' पुलावर जरूर थांबा. २० सप्टेंबर १९४४ ला वाल ओलांडताना ४८ अमेरिकन सैनिक मारले गेले. त्यांच्यासाठी रोज अंधार पडताना दिव्यांच्या ४८ जोड्या एकामागून एक लागतात आणि एक माजी सैनिक त्या दिव्यांबरोबर पूल चालत जातो. मी एकदा त्यांच्या मागून चाललो होतो, कुणी एक शब्द बोललं नाही. धाग्याशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

कागदवाचक
मुलाखतींपेक्षा कागद मागवा. १ मे २०२२ पासून तिथे खुल्या शासनाचा नवा कायदा आहे. अर्ज कुणीही करू शकतो, कारण द्यावं लागत नाही. मी माझ्या प्रबंधासाठी सगळं असंच मिळवलं.

पाणवठा
उत्तराला चार आठवडे, वर दोन आठवड्यांची मुदतवाढ. ही परत येईल तेव्हा कागद हातात पडतील, तेही डचमध्ये. आत्ता मुलाखतीच.
@कोरी_पाटी, तिसऱ्यांदा विचारतोय, तारखा?

कोरी_पाटी
२४ एप्रिल ते ५ मे.

खारी_वाट
अरे देवा. हे पहिल्याच ओळीत हवं होतं. २७ एप्रिल राजाचा वाढदिवस, सगळं बंद. ४ मेला स्मरणदिन, रात्री आठला दोन मिनिटं देश स्तब्ध उभा असतो. ५ मे मुक्तिदिन. आणि या सगळ्याच्या आसपास शाळांना मे महिन्याची सुट्टी, म्हणजे मुलं असलेले अधिकारी रजेवर. तुमच्या मेलला उत्तर न येण्याचं एक कारण हेही असेल. २८ ते ३० एप्रिल हेच खरे दिवस धरा आणि आजच लिहा.

निवृत्त_कारकून
दौरा आखणाऱ्यांनी सुट्ट्यांची यादी आधी बघायला हवी होती. हे विद्यार्थ्यांवर ढकलणं बरोबर नाही. बेटा, तुझ्या सरांना हे स्पष्ट सांग. आणि खारी_वाट यांचं तिथल्या तिथे तुलना करण्याचं मला पटलं.

पाणवठा
आणखी दोन गोष्टी. सगळी २१ जलमंडळं 'ब्लू डील' नावाच्या कार्यक्रमात परदेशी भागीदारांबरोबर काम करतात. म्हणजे प्रत्येक मंडळात बाहेरच्यांशी इंग्रजीत बोलायची सवय असलेलं कुणीतरी आहे. त्यांना लिही, ते स्वतः भेटले नाहीत तरी योग्य माणूस सांगतील. दुसरं, बोलणं रेकॉर्ड करणार असशील तर लेखी संमती घे. नाव छापायचं की नाही, रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार, हे त्यात असू दे. युरोपचा माहिती-संरक्षण कायदा २०१८ पासून लागू आहे आणि तिथली माणसं याबद्दल विचारतातच.

उत्तरायण
मुलाखती ऑनलाइन घेतल्या तर? एस्टोनियात तर

निवांत
सरांनी 'तिथे' म्हटलंय. वरती लिहिलंय की.

कोरी_पाटी
काल रात्री पाच मेल गेले. जुना मजकूर पूर्ण टाकून दिला. नवा विषय असा केलाय: 'नायमेखन आणि ओव्हरडीप्से पोल्डर : घर सोडायचं की उचलायचं, हे कुणी कसं ठरवलं'. सरांनी पहिल्यांदाच 'पुढे जा' म्हटलं.

आणि उत्तर आलं! जलमंडळाच्या एका सदस्याचं, सभेत शेतीसाठी राखीव असलेल्या जागेवरचे आहेत. २८ ला सकाळी साडेनऊ, कार्यालयात नाही, बांधावर चालत बोलू म्हणतात. मी तीन प्रश्न पाठवले होते, त्यांनी चौथा स्वतःच घातलाय: २०२३ पासून उद्योगांच्या राखीव जागा गेल्या आणि शेतीला दोन, निसर्गाला दोन एवढ्याच राहिल्या, त्यावर मला काय वाटतं? मी काय सांगू? मला त्यावर काही मतच नाहीये.

खारी_वाट
मत नाही असंच सांगा आणि त्यांना काय वाटतं ते विचारा. तुमची पहिली मुलाखत तीच. साडेनऊ म्हणजे नऊ पंचविसाला बांधावर हजर राहा. वाऱ्यात रेकॉर्डिंग नीट येत नाही, वही न्या.

प्रवासी_पक्षी
शुल्काचं सरांना विचारलंत का?