सायलेन्सर बोल्टनं ओढून घेऊ नका

दादा, इंजिन परत चढवल्यावर तुमच्या यामाहा आरएक्स १०० च्या सायलेन्सरचं मागचं बोल्टचं भोक बोटभर सरकलंय आणि मेकॅनिक म्हणतोय, "बोल्टनं ओढून घेऊ." अजिबात करू देऊ नका. सगळा ताण पुढच्या फ्लँजवर, म्हणजे पाइप सिलिंडरला जोडणाऱ्या कडीवर येतो. सिलिंडरमधले आटे जातात, नाहीतर ब्रॅकेटचं वेल्डिंग चिरतं.

आधी पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या धूर निघायच्या तोंडात टॉर्च मारा. जुनं गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) काजळीत असं चिकटतं की सिलिंडरचाच भाग वाटतं. त्यावर नवं टाकलं की पाइप बाहेरच राहतो, वर काळं ऑइल गळतं ते वेगळंच. अलगद उचकटा, कडेला ओरखडा नको.

मग इंजिनचे बोल्ट अन् सायलेन्सर, सगळं सैल ठेवून मागचा बोल्ट आपसूक जातोय का बघा. आवळताना आधी इंजिन, मग फ्लँज, मागचा शेवटी. गाडी तापून गार झाली की फ्लँज पुन्हा आवळायची, हे आपल्याकडं कुणी करत नाही.

तरी फरक उरला तर फूटरेस्ट अन् ब्रॅकेट तपासा, पडलेल्या गाडीत वाकलेलं असतं. लोकल सायलेन्सर असेल तर गोल कानशीनं भोक लांबट करा, नाहीतर सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडून मापाचा बुश (बोल्टवर बसणारी छोटी नळी) काढून घ्या.