उत्तरेकडे तोंड असलेलं जुनं चर्च, बाराही महिने एकाच जागेवरून फोटो: उजेडाचं कसं जमवायचं?

मलप्रभाकाठ
खानापूर तालुक्यातलं जांभ्या चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं जुनं चर्च आहे. दर्शनी भिंतीला चुना, तोंड बरोबर उत्तरेला. माथ्यावरच्या क्रुसापर्यंत उंची साधारण 9 मीटर. अंगणात दगडी क्रूस, समोर उभं राहिलं की डाव्या हाताला चाफा, उजव्या हाताला भातशेती. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असा एकाच जागेवरून संच करायचा आहे. फुल फ्रेम कॅमेरा, 24 आणि 35 मिमीच्या लेन्स, तिपाई हाताशी आहे. डिसेंबरात दर्शनी भिंत दिवसभर सावलीत आणि मागचं आभाळ पांढरंफटक. कुठल्या महिन्यात किती वाजता जावं? आणि जागा दर वेळी तीच कशी सापडावी? मोबाईलची जीपीएस खूण चार-पाच मीटर इकडेतिकडे होते.

ओळंबा
आधी उजेडाचं. आपण साधारण 15.6 उत्तर अक्षांशावर. उत्तरेच्या भिंतीला थेट ऊन 21 मार्चनंतरच लागतं आणि सप्टेंबरच्या 23 तारखेच्या आसपास संपतं. तेही मुख्यतः सकाळ-संध्याकाळ. भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो तो फक्त साधारण 4 मे ते 8 ऑगस्ट, आणि त्यातला जून-जुलै पाऊसच खातो. म्हणजे हातात राहिला एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे.

मेच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा किरण भिंतीला जेमतेम 20 अंशांनी लागतात. ऊन चढेल तसा हा कोन वाढत नाही, उलट घटत जातो. दहापर्यंत भिंतीला नुसतं चाटून जाणारं ऊन उरतं आणि कौलांच्या पागोळीची सावली खाली उतरायला लागते. तेव्हा सव्वासहा ते साडेसात एवढाच वेळ धरा. असल्या तिरप्या उन्हात गिलाव्याचा प्रत्येक पोपडा, चुन्याचा प्रत्येक फटकारा उठून दिसतो. समोरून पडणाऱ्या उन्हात ते कधीच दिसलं नसतं, त्यामुळे उत्तरेचं तोंड ही अडचण समजू नका.

एक लक्षात घ्या. डावीकडचा चाफा म्हणजे पूर्वेचा चाफा. पालवी फुटल्यावर सकाळी त्याचीच सावली भिंतीवर पडणार. सावली नको असेल तर संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात. फक्त तेव्हा वळिवाचे ढग आडवे येतात.

डिसेंबरात भिंतीवर उन्हाची वाटच बघू नका. सूर्य सहाच्या थोडं पुढं मावळतो. सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान आभाळ आणि भिंत यांचा उजेड काही मिनिटं सारखा होतो, तेवढ्यात उरकायचं.

चिरा_आणि_चुना
जागेसाठी जीपीएस सोडा, दोन वस्तूंची रेघ जुळवा. अंगणातल्या क्रुसाच्या आडव्या दांडीचं टोक दाराच्या चौकटीला बरोबर टेकेल असं उभं राहा. फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला अशीच जवळची-लांबची आणखी एक जोडी निवडा. झाडाची फांदी घेऊ नका, ती वाढते. क्रूस कॅमेऱ्यापासून 6 मीटरवर आणि भिंत 18 मीटरवर असेल, तर कॅमेरा 5 सेंटिमीटर सरकला की भिंतीवर क्रूस 10 सेंटिमीटर सरकलेला दिसतो. एवढी अचूक खूण जीपीएस देणार नाही.

फादरना विचारून चिऱ्याचा तुकडा जमिनीच्या पातळीत पुरा, तिपाईच्या मधोमध ओळंबा सोडा. लेन्सची उंची 150 सेंटिमीटर धरून तिपाईच्या पायांवर चिकटपट्टीची खूण करा. पहिला फोटो मोबाईलमध्ये ठेवून कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या जाळीशी ताडून बघा.

35 ची लेन्स, कॅमेरा उभा, पाणसळीने अगदी सपाट, अंतर 18 मीटर. वर सुमारे 10.7 मीटरपर्यंत येतं, म्हणजे माथ्यावरचा क्रूस मावतो. कॅमेरा वर कलवला की भिंती आत झुकतात आणि दर वेळी वेगळ्या झुकतात, मग संच जुळत नाही. सपाट ठेवल्यावर खालचा अर्धा फोटो अंगणाचाच येतो, तो नंतर कापायचा. पावसाळ्यात मात्र डबक्यात प्रतिबिंब असेल तर ठेवा की.

मलप्रभाकाठ
पावसाळ्यात भिंत काळवंडलेली आणि उजेड मंद. एक्सपोजर दर वेळी तेच ठेवू का?

ओळंबा
नको. एफ/8 (लेन्सचं छिद्र), आयएसओ 100 (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) आणि रंगाचं सेटिंग 5500 केल्विन हे कायम, शटर मात्र उजेडाप्रमाणे. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) काढा आणि दर वेळी एक फ्रेम राखाडी कार्ड धरून घ्या. पांढरा चुना कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतो, भिंत करडी येते. एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवून हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजवीकडे कापला जात नाही ना, तेवढं बघा.

चिरा_आणि_चुना
पाऊस नैऋत्येकडून येतो आणि तुम्ही दक्षिणेकडे बघत उभे, म्हणजे थेंब थेट काचेवर. छत्री उजव्या बाजूला कलती धरा, दोन फोटोंच्या मध्ये लेन्सला टोपण. पावसाच्या धारा पांढऱ्या भिंतीवर दिसत नाहीत. दार उघडं असेल तर आतल्या काळोखावर दिसतात, शटर 1/60 च्या आसपास. एफ/8 वर तेवढं जमत नसेल तर त्या फोटोपुरतं आयएसओ वाढवा. ओल्या कौलांची चमक पोलरायझरने (लेन्सवर लावायची चमक कापणारी काच) मारता येते, पण त्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो.

महिने ठरवताना: ऑगस्टात चिरा शेवाळाने हिरवा, ऑक्टोबरात भात पिवळं आणि शेवाळ वाळून काळं. रंगकाम बहुतेक पाऊस संपल्यावर, नाताळच्या आधी होतं. भिंतीवरचे पावसाचे ओघळ हवे असतील तर चुना लागायच्या आत जा, तारीख फादरना विचारूनच. दफनभूमी फ्रेममध्ये येत असेल तर 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाआधी तिथलं गवत कापतात, तेही धरा.

घरी आल्यावर लेन्स लगेच बॅगेत कोंबू नका, बुरशी धरते. पुसून, पंख्याखाली वाळवून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की दाणे बदला.