मदत हवी आहे: फातोर्ड्याचा सामना पूर्ण पाहून सोमवारी सकाळी मुंबईत कसे पोहोचावे?

निळी_गॅलरी:
पुढच्या महिन्यात एका रविवारी गोव्यात मडगावच्या फातोर्डा मैदानावर मुंबई सिटीचा एफसी गोव्याशी फुटबॉलचा सामना आहे. साडेसातला सुरू होणारा हा सामना शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहून मला सोमवारी सकाळी दहा वाजता अंधेरीतील कार्यालयात हजर राहायचे आहे. तासभर वेळापत्रके चाळूनही सोयीची गाडी सापडलेली नाही. ज्यांनी हा प्रवास प्रत्यक्ष केला आहे त्यांनीच कृपया नेमके उत्तर द्यावे. ‘गोव्याला जाताच आहात तर चार दिवस राहा’ हा सल्ला नको आहे.

रुळावरून_सरळ:
आपण किती जण आहात, शनिवारी निघणार की रविवारी, आणि आरक्षण केले आहे की नाही, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. जाण्यासाठी वंदे भारत उत्तम आहे. ती पहाटे ५:२५ ला सीएसएमटीहून सुटते आणि दुपारी एकच्या सुमारास मडगावला पोहोचते, मात्र पावसाळी वेळापत्रक लागू असेल तर हे गणित बदलते. परतीची कोकणकन्या संध्याकाळी सातच्या सुमारास मडगावहून निघते, म्हणजे संघ मैदानात उतरण्याआधीच आपण डब्यात बसलेले असाल. मंगळुरूहून सीएसएमटीला येणारी सुपरफास्ट रात्री मडगावहून जाते खरी, परंतु ती वेळेत मिळाली तरी दहापर्यंत अंधेरी गाठून देणार नाही. शिवाय १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, तेव्हा पुढच्या महिन्याच्या रविवारची तिकिटे एव्हाना संपत आली असतील.

घाटरस्ता:
रेल्वेचा एवढा अट्टहास कशासाठी? स्लीपर बसने रात्री झोपावे आणि सकाळी मुंबईत उतरावे, इतके ते सोपे आहे.

रुळावरून_सरळ:
मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, हे आपण विसरलात काय? रविवारच्या रात्री त्या रस्त्याने निघालेला माणूस सोमवारी दहाला अंधेरीत नव्हे, माणगावच्या कोंडीत सापडतो.

घाटरस्ता:
कोल्हापूरमार्गे जाणाऱ्या बसही आहेत. आपल्याला रुळांपलीकडचे जग दिसत नाही, त्याला माझा इलाज नाही.

शेवटचे_मिनिट:
परतीचे काय ते ठरेल, पण आपण बसणार कोणत्या गॅलरीत? पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना वेगळा भाग दिला जातो आणि खरी मजा तिथेच असते, म्हणून वेस्ट ब्लॉक ब्लूज या आपल्या पाठीराख्यांच्या गटाशी आधी संपर्क साधावा. २४ एप्रिल २०२४ चा इंडियन सुपर लीगचा उपान्त्य सामना मी तिथूनच पाहिला. नव्वदाव्या मिनिटापर्यंत आपण ०-२ ने मागे होतो, समोरच्या एफसी गोव्याच्या नारिंगी गर्दीत नाच सुरू झाला होता आणि आमच्यातील एक-दोघे बूट बांधून जिन्याकडे निघालेही होते. तेवढ्यात आपल्या छांगटेचा गोल झाला, लगेच विक्रम प्रतापचा झाला, आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटेने ३-२ केले. जिन्यापर्यंत गेलेले ते दोघे दोन-दोन पायऱ्या ओलांडत परत वर आले आणि त्यांतील एकाचा बूट खालीच राहिला. घरच्या मैदानावर जिंकल्यावर आपण ओरडतो, परंतु परक्या मैदानात सगळे स्टेडियम अचानक गप्प होते आणि केवळ आपल्या शंभर-दीडशे माणसांचा आवाज ऐकू येतो, तो आनंद निराळाच असतो.

निळी_गॅलरी:
आभारी आहे, पण मी परतीबद्दल विचारले होते. आम्ही दोघे आहोत, मी आणि पत्नी. गॅलरीचा प्रश्न थोडा अवघड आहे, कारण ती नारिंगी जर्सी घालणार आहे.

कूपरेजचा_कठडा:
पाठीराख्यांचे वेगळे भाग वगैरे आमच्या वेळी नव्हते. रोव्हर्स कपासाठी गोव्याचे संघ मुंबईत कूपरेज मैदानावर येत, तेव्हा धोबीतलाव आणि गिरगावातील गोवेकर आमच्याच शेजारी बसून साळगावकर किंवा धेंपोच्या नावाने ओरडत असत आणि मध्यंतरात शेंगदाण्याची पुडी दोन्ही बाजूंना फिरत असे. आपण कूपरेज पाहिले आहे का?

सासष्टीकर:
पत्नी मूळच्या गोव्याच्या आहेत काय? कोणत्या गावच्या?

निळी_गॅलरी:
नावेलीच्या. त्याचा गाडीशी काय संबंध?

सासष्टीकर:
अहो, नावेली मडगावला लागूनच आहे! फातोर्ड्यापासून रिक्षाच्या अंतरावर आपली सासुरवाडी असताना आपण रात्रीची गाडी कशासाठी शोधत आहात, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते.

निळी_गॅलरी:
कारण ते मला उघड वाटले. सासरे एफसी गोव्याचे पहिल्या हंगामापासूनचे पाठीराखे आहेत. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी गोव्याने याच मैदानावर आपल्याला ७-० ने हरवले होते. तो सामना ते मला जेवताना सांगतात. दुदूचे तीन गोल, हाओकिपचे तीन, आणि सातव्या गोलाच्या वेळी माशाची कढी वाढायला थांबतात. त्या रात्री मुक्काम करायचा म्हणजे निकाल काहीही लागला तरी हेच ऐकायचे.

शेवटचे_मिनिट:
मग आपण २४ एप्रिल सांगावा. ती गोष्टही जेवणभर पुरते.

सासष्टीकर:
मुक्काम करा आणि सोमवारी पहाटे दाबोळीहून विमानाने जा. तिकीट काढताना विमानतळाचे नाव मात्र नीट वाचावे. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही चालू आहे आणि स्वस्त तिकीट पुष्कळदा तिथले निघते, पण मोपा उत्तर टोकाला आहे. पहाटे तिथवर टॅक्सीने जाण्यात वाचलेले सगळे पैसे जातील. जेवणाचा प्रसंग टाळायचाच असेल, तर सामन्यानंतर मडगावात गाड्यावर रस-आमलेट खाऊन घरी जावे. आमलेटवर झणझणीत शाकुतीचा रस ओततात, वर कापलेला कांदा आणि बाजूला पाव. पोट भरले आहे असे सासूबाईंना प्रामाणिकपणे सांगता येईल.

घाटरस्ता:
विमानाच्या खर्चात दोघांची बस जाऊन-येऊन होईल, एवढेच नोंदवून ठेवतो.

निळी_गॅलरी:
दाबोळीचे तिकीट पाहतो. आता एकच शंका उरली आहे. ती घरच्या गॅलरीत आणि मी पाहुण्यांच्या गॅलरीत बसलो, तर सामन्यानंतर कुठे भेटावे?

शेवटचे_मिनिट:
मैदानाच्या दारात ठरवू नका. पाहुण्या पाठीराख्यांना गर्दी ओसरेपर्यंत आत थांबवले जाऊ शकते, आणि त्या गर्दीत फोन लागेलच असे नाही. कदंब बसस्थानक चालत जाण्याइतके जवळ आहे. पत्नींना तिथे उजेडात थांबायला सांगावे आणि रस-आमलेटचा गाडा आधीच हेरून ठेवायला सांगावे.